प्यादेमातीचं इनाम

कोल्हापुरात कशाचीही कुस्ती लावतात. निवडणुकीची लावतात, गणपतीच्या मिरवणुकीची लावतात, दोन भावांचं भांडण असलं तर त्याचीही लावतात आणि कडेला उभं राहून डाव सांगतात. आमच्या घरातल्या माणसाची आणि एका डबड्याची कुस्ती लावली तेव्हाही तेच झालं. इतकी वर्षं झाली, पण तो दिवस आठवला की अजून माझं तोंड कडू होतं.

डबडं म्हणजे बुद्धिबळ खेळणारं मशीन. आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. तेव्हा ऐंशीचं दशक जेमतेम निम्म्यावर आलं होतं. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी, आणि तो बघायला गेलं की त्या घरची बाई आमच्या चपलांकडं बघत दारातच उभी राहायची. मशीन आणलं टीव्ही, पंखे आणि मिक्सर विकणाऱ्या एका दुकानदारानं. त्याचं नाव मी घेत नाही. सगळं गाव त्याला शेठ म्हणायचं, मीही शेठच म्हणते. त्याचा भाचा परदेशी शिकायला होता, तो सुट्टीला येताना ते घेऊन आला. पाटाएवढा पट, त्यावर घरं आखलेली, कडेनं बारीक तांबडे दिवे. आपला मोहरा आपण दाबून ठेवायचा. मग ते विचार करणार, आणि कुठले दोन दिवे लागले ते बघून त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी मोहरा हलवायचा. स्वतःला हात नाही, डोळा नाही, आणि म्हणे खेळाडू.

शेठला बुद्धिबळातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. घोडा कसा चालतो विचारलं असतं तर टांग्याचा म्हणून सांगितलं असतं. त्याला दुकान गाजवायचं होतं. त्यानं भोंगा लावून रिक्षा फिरवली. ‘मानव विरुद्ध यंत्र, यंत्राला हरवणाऱ्यास रोख पाच हजार एक रुपये इनाम, प्रायोजक अमुक अमुक.’ पाच हजार एक हा आकडा ऐकला आणि मी हातातलं पीठ तसंच ठेवून दारात आले.

कारण मला पाच हजारच पाहिजे होते.

आम्ही तेव्हा दीर-जावेकडं राहत होतो. दोन खोल्या त्यांच्या, आम्हाला पुढचा सोपा. जुन्या लुगड्याचा पडदा लावला की झाला आमचा संसार. पहाटे जो कुणी उठेल तो आमच्या अंथरुणावरून पाय टाकत बाहेर जायचा. मी शिवणकाम घ्यायचे. कापड पसरायला जागा म्हणजे तेच अंथरूण, आणि कापड पसरलं की जाऊबाई हटकून तिथूनच पाण्याची घागर नेणार. पाणी सांडलं तर माझंच चुकलं. बोलून दाखवायच्या नाहीत, नुसतं तोंड वाकडं करायच्या. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

दोन गल्ल्या सोडून एका चाचांच्या घरात वरची खोली रिकामी होती. चाचांनी बांगड्यांचा धंदा मुलांवर सोपवला होता आणि ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायचे. मी त्यांच्या सुनांचे ब्लाउज शिवायचे, तेव्हा ती खोली बघितली. जिना वेगळा, रस्त्याकडं खिडकी, आणि आत नळ. डिपॉझिट पाच हजार. चाचा म्हणाले, “पोरी, दसऱ्यापर्यंत थांबतो. त्याच्या पुढं मला जमायचं न्हाय, पोरं बोलत्यात.” मी ती खोली मनात मांडूनसुद्धा टाकली होती. शिलाई मशीन खिडकीखाली, पलंग भिंतीकडं.

आणि हरवणारा माणूस माझ्या घरात होता. आमचे हे एका हायस्कूलात क्लार्क. दिवसभर दाखले लिहायचे आणि संध्याकाळी तालमीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसायचे. खाली पोरं जोर-बैठका काढतायत, वर हे पट मांडून बसलेत. जिल्ह्याच्या स्पर्धेत ह्यांच्यापुढं कुणी टिकत नव्हतं. चांगली चाल सापडली की हे पाठ टेकून मागं बसायचे. एरवी पुढं वाकलेले, आणि सापडली की मागं. समोरच्याला ते कळायचं आणि तिथंच त्याचा घाम निघायचा. मला बुद्धिबळ बेतानंच येतं, पण तेवढं बघून मीही कुणाचं काय झालं ते सांगू शकत होते.

हे शिकले माझ्या सासऱ्यांकडं, आणि सासरे खेळायचे देशी बुद्धिबळ. त्याची रीत वेगळी. देशीत सगळ्यांत मोठा मान प्यादेमातीला. वजिरानं, हत्तीनं कुणीही मात करेल. पण सगळ्यांत बारक्या मोहऱ्यानं, प्याद्यानं राजाला मात केली तर बघणारे उठून पाठ थोपटायचे. आणि दुसरं, समोरच्या राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही, अशी कोंडी झाली तर ती चालत नाही. ज्यानं कोंडलं त्यानं आपली चाल मागं घ्यायची, राजाला वाट द्यायची आणि मग पुढं खेळायचं. आंतरराष्ट्रीय नियमात तसं नाही. तिथं कोंडी झाली की डाव बरोबरीत. ह्यांना दोन्ही रीती पाठ होत्या. पण सासऱ्यांनी लहानपणी घोटून घेतलेलं ते हातात बसलेलं होतं, आणि नवं डोक्यात. हे मला पुढं कळलं.

शेठनं नाट्यगृह भाड्यानं घेतलं. तिकीट लावलं. पुढच्या खुर्च्यांचं वेगळं, मागच्यांचं वेगळं. म्हणजे इनामाचे पैसे लोकांच्याच खिशातून, आणि नाव ह्याचं. दारात हलगी कडाडत होती. बुद्धिबळाला हलगी! स्टेजवर भिंतीला मोठा लाकडी पट टांगला होता, त्यावर खिळ्यांना मोहरे अडकवत होते, म्हणजे मागच्यांनाही दिसावं. आणि माइकवर कोण, तर कुस्तीच्या मैदानावर बोलणारा निवेदक. त्यानं ह्यांची ओळख करून दिली ती अशी की लोकांनी ह्यांच्या दंडाकडं बघितलं. ह्यांचे दंड म्हणजे काय विचारू नका. लोक हसले. आमच्या ह्यांना फेटा बांधला, आणि मग त्या डबड्यालाही बांधला. खरंच बांधला. वायर बाहेर आणि फेटा वर. मला तिथंच उठून जावंसं वाटलं, पण पाच हजारांसाठी बसले.

डाव सुरू झाला. ते डबडं थांबून थांबून दिवे लावायचं आणि भाचा गंभीर तोंड करून त्याचे मोहरे हलवायचा. निवेदकाला काही कळत नव्हतं, तरी तोंड बंद नव्हतं. उंट मारला की “ढाक लावली!” म्हणून कुस्तीतला डाव ओरडायचा. हे मात्र शांत. दोनदा मागं टेकून बसले आणि दोन्ही वेळा मशीनचं काहीतरी गेलं. मग त्याचा वजीर गेला. मग हत्ती. तास-दीड तासानं त्याच्याकडं राजा आणि एक अडकलेलं प्यादं एवढंच उरलं, आणि ह्यांच्याकडं वजीर, हत्ती, प्यादी, सगळं शाबूत. माझ्या शेजारच्या बाईनं मला पेढे कधी देणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी कुलूप घेते.

तेव्हा भाचा उठला. उठून शेठच्या कानाला लागला. मी डोळ्यांनी बघितलंय, कुणी मला सांगू नये की तसं काही नव्हतं. शेठनं मान हलवली, उठला, निवेदकाच्या हातातला माइक घेतला. कुस्तीच्या मैदानात चालू कुस्तीत इनाम वाढवतात, माझे आणखी एवढे म्हणून कुणीही उठून सांगतो, लोकांना ते आवडतं. तसंच त्यानं केलं.

“वस्तादांनी प्यादेमात करून दावली, तर पाच हजार न्हाईत, दहा हजार एक!”

नाट्यगृह डोक्यावर घेतलं लोकांनी. त्यांत निम्मे जुने देशी खेळणारे, त्यांना तर नुसतं प्यादेमात म्हटलं तरी बास. शिट्ट्या, टाळ्या. आणि त्या गोंधळातच शेठ पुढचं बोलला, ते अर्ध्यांनी ऐकलंसुद्धा नाही. म्हणाला, पण मग प्यादेमातच पाहिजे, साध्या मातीला इनाम नाही, कबूल का? मी मनात म्हटलं, नको. अहो, नको. पाच हजारांची खोली आहे, दहाची नाही. पण ह्यांनी लोकांकडं बघितलं. बापाच्या वयाची माणसं खुर्चीवर उभी राहून ह्यांच्याकडं बघत होती. ह्यांनी मान डोलावली. कोल्हापुरात मैदानात मान डोलावली की जोड ठरली, मग ती मोडत नाही.

पुढचं सांगायला मला जड जातं. हे पुढं वाकले ते वाकलेच. वजिरानं त्या राजाला एका कोपऱ्याकडं हाकत नेलं. प्यादं एकेक घर पुढं. मशीनचं ते अडकलेलं प्यादं वाटेत येत होतं, ते मारून टाकलं. आता राजाला दोनच घरं, त्यातलं एक वजिरानं बंद करायचं आणि दुसऱ्या चालीला प्याद्यानं शह, मात. हे मागं टेकून बसले. तसे बसले म्हटल्यावर मी पदर सावरला, उठायला. ह्यांनी वजीर ठेवला.

डबड्यातून बारीक किरकिर आवाज आला आणि सगळे दिवे एकदम लागले.

राजाला शह नव्हता, आणि हलायला एकही घर नव्हतं, वजिरानं दोन्ही घरं एकदम अडवली होती. कोंडी. हे हसले, आणि हात पुढं केला, वजीर मागं घ्यायला. सासऱ्यांनी शिकवलं होतं तसं. कोंडलं की मागं घ्यायचं, वाट द्यायची. त्या क्षणाला ह्यांच्या डोक्यात दुसरा नियम नव्हताच. प्यादेमातीचं नाव काढल्यापासून हे सासऱ्यांसमोर बसले होते, मशीनसमोर नाही. भाच्यानं ह्यांचं मनगट धरलं. एवढ्या लोकांच्या समोर मनगट धरलं. म्हणाला, “हात लावायचा नाही काका. ड्रॉ आहे.” ह्यांचं तोंड एवढंसं झालं. काय झालं ते ह्यांना तेव्हा कळलं, आणि ते कळताना मी बघितलं.

शेठनं जाहीर केलं, कुस्ती बरोबरीत सुटली. मागून एक जण ओरडला, बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं निम्मं! ते खरंच तसं असतं. कुस्ती निकाली झाली नाही तर दोन्ही पैलवानांना इनाम वाटून देतात, ही इथली रीत, तिला कुणी नाही म्हणत नाही. शेठ हसला. म्हणाला, वाटून देऊ की. मशीनचं निम्मं माझ्याकडं आलं, आणि वस्तादांच्या निम्म्याचं उद्या दुकानात बसून बघू. लोकही हसले. त्या हसण्याची मला शिसारी येते अजून. मघाशी खुर्चीवर उभी राहिलेली माणसं ती. नारळ दिला, फेटा होताच, आणि ह्यांना डबड्याच्या शेजारी बसवून फोटो काढला.

उद्या म्हणजे कधी ते कुणी सांगितलं नव्हतं. मी ह्यांना दुकानात पाठवत राहिले. गेलं की चहा यायचा. शेठ नाहीत, शेठ गोडाऊनला गेलेत, शेठ देवळात गेलेत. हे चहा पिऊन परत. एकदा मी म्हटलं, तो चहा तरी कशाला पिता? म्हणाले, नको कसं म्हणायचं. असला माणूस. मग एक दिवस इथल्या एका पेपरात जाहिरात आली. फोटोत हे कपाळाला हात लावून बसलेले, आणि वर लिहिलेलं की कोल्हापूरचा वस्तादही ज्याला हरवू शकला नाही ते यंत्र आमच्याकडे बघायला मिळेल, येताना मिक्सरचे नवे दरही विचारा. माझ्या नवऱ्याच्या कपाळाखाली मिक्सरचे दर! तो पेपर जाऊबाईंनी मुद्दाम माझ्या अंथरुणावर ठेवला होता.

आणि त्याच आठवड्यात हे पैसे घेऊन आले. चार हजार. पुढ्यात ठेवले. म्हणाले, शेठनी दिले. निम्म्या इनामाचे, आणि वर पुढचा आगाऊ. गावोगावी मशीन दाखवायला न्यायचंय, मुरगूड, गारगोटी, इकडं इचलकरंजीकडं, आणि ह्यांनी तिथं त्याच्याशी खेळायचं. रविवारी नाहीतर गणपतीत, नोकरीला धक्का नाही. मी विचारलं, जिंकल्यावर इनाम? म्हणाले, इनाम नाही, बिदागी ठरलेली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट शेठला नावं ठेवली म्हणून जीव चुटपुटला. माझ्या शिवणाचे साठवलेले त्यात घातले आणि दुसऱ्या दिवशी चाचांच्या हातात डिपॉझिट ठेवलं. चाचांनी पैसे न मोजताच आत नेले. किल्ली माझ्या कमरेला आली. सामान हलवायचा मुहूर्त तेवढा दसऱ्याचा धरला, कारण पितृपंधरवडा होऊन जाऊ दे, घाई नको म्हणून जाऊबाईंनीच सांगितलं. जाताना तरी त्यांचं एक ऐकलं.

हे जायचे, यायचे. कसं झालं विचारलं की “झालं” म्हणायचे. मी धरून चालले की जिंकले. मशीनचा राजा आणि ह्यांचा सगळा फौजफाटा मी डोळ्यांनी बघितला होता, मी दुसरं काय समजणार? गल्लीत मी सांगायचेही, गारगोटीत जिंकले, मुरगूडला जिंकले. कुणी हसलं असेल तर माझ्या पाठीमागं हसलं असेल.

इचलकरंजीजवळ कबनूरला माझी थोरली बहीण. तिच्या घरी चार यंत्रमाग, सकाळपासून रात्रीपर्यंत खडखडाट, बोलायचं तर ओरडून बोलायचं. तिच्याच भागातल्या मंडळानं गणपतीत कार्यक्रम ठेवला, तेव्हा मी ह्यांच्याबरोबर गेले. बहिणीला बळेच घेऊन आले मांडवात, चल तर, तुझे पाहुणे कसे खेळतात बघ. ह्यांना मी येणार ते आवडलेलं नव्हतं. मला वाटलं, लाजतात.

मांडव भरलेला. यंत्रमागावरची माणसं पाळी संपवून आलेली, केसांत कापूस तसाच. पुढं काही पैलवान मंडळी मांडी घालून बसलेली, मोडलेल्या कानांची. शेठ स्वतः हजर, पांढऱ्या कपड्यांत. डाव सुरू झाला आणि बराच वेळ दोघं बरोबरीचेच दिसत होते. मग हे पुढं वाकलेले, ते सावकाश मागं टेकून बसले. मी बहिणीला कोपर मारलं. म्हटलं, झालं, गेलं मशीन. बघच.

ह्यांनी उंटावर हात ठेवला होता, तो काढला. आणि दुसऱ्या बाजूचं एक प्यादं सरकवलं.

मला आधी समजेना. वाटलं आणखी खोल काही असेल. पण पुढच्या दोन चालींत ह्यांचा हत्ती फुकट गेला, मग घोडा. आणि हे पुन्हा मागं टेकून बसलेच नाहीत. मान खाली घालून एकेक चाल करत होते, नापास झालेल्या पोराला पाटीवर बेरीज करताना बघावं तशी मी बघत होते. मांडवातले लोक मशीनसाठी टाळ्या वाजवत होते. तेव्हा त्या पैलवानांतला एक म्हातारा, शेजाऱ्याला सांगावं तसं, पण मोठ्यानं बोलला,

“नुरा हाय की रं ही.”

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. कोणी पडायचं ते मैदानात यायच्या आधी ठरलेलं. इथल्या माणसाला कुस्ती येवो न येवो, नुरा ओळखता येते. आणि एकदा ज्याच्या नावावर नुरा लागली, त्याच्या घरच्यांना लोक बऱ्याच वर्षांनी लग्नात भेटले तरी ते विसरत नाहीत. सगळे हसले. शेठही हसला. मी ह्यांच्याकडं बघत होते. ह्यांनी ऐकलं होतं. आता तरी उठतील, पट उलथून टाकतील, निदान त्या म्हाताऱ्याकडं बघतील. ह्यांनी वर मान केली नाही. राजा बरोबर ज्या घरात नको त्याच घरात नेऊन ठेवला आणि मात घेतली. बहीण मला म्हणाली, चल, भात गार होईल.

एसटीत बसल्यावर मी तोंड सोडलं. मागच्या सीटवरच्या बाया ऐकत होत्या, ऐकू देत. गारगोटीलाही हेच? मुरगूडलाही? किती ठिकाणी पडलात? बापानं ह्यासाठी शिकवलं का तुम्हाला? ह्यांनी खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, “खोली पायजे हुती का न्हवती तुला?”

त्या माणसाला दोन थोबाडीत माराव्यात आणि पोटाशीही धरावं, असं दोन्ही एकदम वाटत होतं, आणि एसटीत दोन्ही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो फेटा घेतला आणि सरळ दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, असू देत. काउंटरवर फेटा आदळला. शेठला म्हटलं, लाज वाटत नाही का, चांगल्या खेळाडूची माती केलीत, त्याच्या हक्काचं इनाम बुडवलंत आणि वर त्यालाच पडायला लावता? शेठला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं पोऱ्याला चहा सांगितला.

“वहिनी, बसा. त्या दिवशी ते जिंकले असते तर मला यकदाच द्यावं लागलं असतं. आता दर गावाला देतोय. तुमचा तोटा काय झाला, सांगा की.”

आणि खरंच विचारत होता तो. त्याच्या चेहऱ्यावर खोट नव्हती. त्यानं हिशेब केला होता आणि त्याच्या हिशेबात आमचा फायदाच दिसत होता. माणूस माणसाशी असं वागतो आणि त्याला आपण काही केलं असं वाटतही नाही, ह्याची मला जी किळस आली, ती अजून गेलेली नाही. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं, चहा पाजणाऱ्याला काय देणार? म्हटलं, तुमचे चार हजार परत आणून टाकते, सोडा त्यांना. म्हणाला, आणा की, कधीही आणा. पण त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं, की ते पैसे चाचांच्या घरात गेले होते आणि चाचांनी त्यात घरावरची कौलं बदलून घेतली होती.

दौरा दिवाळीपर्यंत ठरलेला होता. हे उरलेल्या गावांना गेले. मी जाऊ नका म्हटलं, तरी गेले. घेतलेल्या पैशाला जागायला पाहिजे म्हणाले. मेलं हे प्रामाणिकपणाचं वेड! इनाम बुडवणाऱ्याशी प्रामाणिक, आणि स्वतःशी नाही. शेठनं त्या मोसमात किती मिक्सर खपवले देव जाणे. पुढं भाचा परदेशी परत गेला, मशीन बिघडलं, आणि शेठनं दुसऱ्या कशाचं तरी प्रायोजकपण घेतलं.

दसऱ्याला आम्ही खोलीवर आलो. पलंग भिंतीकडं, शिलाई मशीन खिडकीखाली, अगदी मी मनात मांडलं होतं तसं. संध्याकाळी चाचा जिना चढून वर आले. गुडघे धरले होते त्यांचे, तरी आले. काखेत कापडी पट गुंडाळलेला आणि हातात मोहऱ्यांची पुरचुंडी. मी उठून सतरंजी टाकली. चाचा टेकले आणि म्हणाले, नाट्यगृहात ते तिसऱ्या ओळीत होते. मशीनचा वजीर कसा मारला ते अजून डोळ्यांपुढं आहे म्हणाले. एवढा मोठा माणूस आपल्या घरात राहायला आला म्हणून सुनांनी शिरखुर्मा करून ठेवलाय, आधी एक डाव टाकू आणि मग खाली जाऊ.

पट उलगडला त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये. मोहरे लावायला सुरुवात केली. हे पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभे होते.

“चाचा,” हे म्हणाले, “मला बुद्धिबळ येत न्हाय.”

चाचांनी वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी नवी खोली बघावी तशी भिंतीकडं बघत राहिले. चाचांनी लावलेले मोहरे एकेक करून उचलले, पुरचुंडीत टाकले, पट गुंडाळला.

“बरं,” म्हणाले. “येत न्हाय तर न्हाय. पर खायाला तरी चला.”

आम्ही खाली गेलो आणि शिरखुर्मा खाल्ला.